देवाचा दात

माझ्या वरच्या जबड्यात समोर एकच दात आहे. इतरांना जिथे दोन असतात तिथे एक, तोही बरोबर मधोमध, नाकाच्या शेंड्याखाली. दुधाचा होता तोही एकच आणि तो पडल्यावर आला तोही एकच. आईलाही तसाच होता. आता तिला कवळी आहे, आणि कवळीत समोर दोन दात बसवले म्हणून ती दातांच्या डॉक्टरशी भांडून आली होती. तिच्या माहेरी, मालवणकडच्या एका वाडीत, या दाताला देवाचा दात म्हणत. ग्रामदेवतेची मर्जी असली तरच तो मिळतो आणि पिढीत एखाद्यालाच मिळतो, अशी तिथली समजूत.

बाबा गिरणीत होते. गिरणी गेली, आम्ही कांदिवलीला आलो, शेजार बदलला, पण त्या दाताचा मान काही कमी झाला नाही. दरवर्षी गणपतीच्या शाळेतून मूर्ती घरी आणायचा पाट माझ्याच हातात. चुलत भाऊ माझ्यापेक्षा मोठे आणि चांगले दणकट, पण एकदंताला एकदंतानेच आणायचं, हा आईचा कायदा. गोरेगावला शूटिंगचे सेट उभे करणाऱ्या एका ठेकेदाराकडे मी सुपरवायझर आहे. तिथे सुतारांपासून लाइटवाल्यांपर्यंत सगळे मला बाप्पा म्हणतात. मला त्याचा कधी राग आला नाही. खरं सांगायचं तर आवडायचंच.

बायको खारदांड्याची, कोळ्यांच्या घरातली. तिची आई मार्केटात मासळी विकते. आईने या लग्नाला हो म्हणायला दीड वर्ष घेतलं, पण तिला घरात घेतल्यावर मनापासून घेतलं, निदान मला तेव्हा तसं वाटलं. दोन वर्षांनी बायकोला दिवस राहिले. चौथा महिना चालू असताना सूर्यग्रहण आलं, भर दुपारचं.

ग्रहण पाळणाऱ्या घरात पोटुशी बाईने चिरायचं नाही, कापायचं नाही, शिवायचं नाही, नुसतं एका जागी बसून राहायचं. नाहीतर पोरात खोट येते. आईने बायकोला सकाळीच तसं बजावलं आणि स्वतः आतल्या खोलीत देवासमोर जपाला बसली. नेमके त्याच दिवशी दांड्याहून बांगडे आले. मेव्हण्याने दारातच पिशवी दिली आणि तो आल्या पावली परत गेला. आमचा फ्रीज दोन दिवस बंद होता आणि दुरुस्तीवाला नुसता येतो येतो म्हणत होता. ग्रहण सुटेपर्यंत ते बांगडे उकाड्यात तसेच ठेवले असते तर फेकून द्यावे लागले असते. मी बायकोला म्हटलं, सहा तर आहेत, पटकन साफ करून मीठ-हळद लावून ठेव, संध्याकाळी तळू, आईला कळणारही नाही. ती हसली. आमच्या घरी मासळीपुढे ग्रहणाचं कोणी ऐकत नाही, म्हणाली. तिच्या आईने तीन पोरांच्या वेळी मार्केटात बसून मासे कापले होते. तिने विळी घेतली आणि चौथ्या बांगड्याला आई समईसाठी तेल घ्यायला स्वयंपाकघरात आली.

आईने बायकोच्या हाताखालून विळी ओढून घेतली, उभी केली आणि निघून गेली. मी बाहेर सोफ्यावर होतो. "मीच सांगितलं होतं," एवढे तीन शब्द बोलायला मला कोणी अडवलं नव्हतं.

महिनाभराने सोनोग्राफी झाली. मशीनवरचे डॉक्टर आधी आमच्याशी गप्पा मारत होते. नंतर एकाच जागी पुन्हा पुन्हा यंत्र फिरवत राहिले. मग त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं. आम्हाला सांगण्यात आलं की बाळाच्या मेंदूचे उजवा-डावा असे दोन भाग झालेलेच नाहीत, पुढचा मेंदू एकच राहिला आहे, चेहऱ्याची मधली घडणही झालेली नाही, आणि हे बाळ जगणार नाही. मला वाक्यं ऐकू येत होती, पण ती आमच्याबद्दल आहेत हे डोक्यात शिरत नव्हतं. मी त्यांना विचारलं, मग पुढची तारीख कधीची?

पुढच्या आठवड्यात जे करायचं ते झालं. मुलगा की मुलगी, आम्ही विचारलं नाही. नर्स म्हणाली, बघू नका, म्हणून मी बघितलं नाही. बायकोने बघितलं. काय बघितलं ते तिने मला आजवर सांगितलेलं नाही. क्रोमोसोमची तपासणी ठीक आली. कधीकधी होतं असं, नशिबाचा भाग, असं हॉस्पिटलात म्हणाले.

आईला नशिबाची गरज नव्हती. बायको घरी आल्यावर चौथ्या दिवशी ती जेवताना म्हणाली, "विळी धरलंस ना गो ग्रहणात." आवाज चढवला नाही, भांडली नाही. एवढंच बोलली आणि आमटी वाढायला लागली. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी टीव्हीकडे बघितलं.

मग ते वाक्य घराबाहेर पडलं. काकूला कळलं, आत्याला कळलं, गावी फोनवर गेलं. चुलत वहिनीच्या डोहाळजेवणाला बायकोला बोलावलं, पण ओटी भरायची वेळ आली तेव्हा कोणीतरी तिला आत पापड तळायला पाठवलं. ती पापड तळून आली. त्या दिवसापासून तिने कोणाच्या डोहाळजेवणाला जायचं सोडलं. तीन वर्षं मी हे सगळं बघत होतो. माझ्यासारखा शहाणा, पेपर वाचणारा माणूस ग्रहण मानत नाही, असं मी स्वतःशी म्हणायचो. पण पोटात कुठेतरी मलाही वाटायचं, कोण जाणे, असेलही. आणि तसं असेल तर बांगडे साफ करायला सांगणारा मी होतो, हे आणखीच घट्ट दाबून ठेवायचो.

बायकोला पुन्हा दिवस गेले तेव्हा तिच्या डॉक्टरांनी आम्हाला लगेच अंधेरीच्या एका हॉस्पिटलात, आनुवंशिक आजार बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. लिफ्टची वाट बघत असताना बायको मला म्हणाली, "या वेळी पण काही निघालं ना, तर मी त्या घरात ऐकून घ्यायला राहणार नाही. आत्ताच सांगून ठेवते." ती धमकी नव्हती. तिने ठरवलेलं होतं.

डॉक्टरीणबाई साधारण माझ्याच वयाच्या. त्यांनी कागदावर चौकोन आणि गोल काढून आमची घराणी मांडायला सुरुवात केली. बायकोच्या बाजूचं सगळं विचारून झालं. कुठली गोळी घेतली होती का, ताप, साखर, काही? बायको खाली बघत म्हणाली, "ग्रहणात मी मासे कापले होते." मला वाटलं बाई हसतील. त्या हसल्या नाहीत. कितवा महिना होता, एवढंच त्यांनी विचारलं. चौथा, म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग ती गोष्ट डोक्यातून काढून टाका. कशी ते सांगते मी."

मग त्या माझ्याकडे वळल्या. मला सुटल्यासारखं झालं होतं, म्हणून काहीतरी विनोद केला आणि स्वतःच हसलो. बाईंचं पेन थांबलं.

"परत हसा बघू," त्या म्हणाल्या.

मी हसलो. त्या खुर्चीवरून उठल्या, हातमोजे घातले, लाकडी पट्टीने माझा वरचा ओठ उचलला आणि टॉर्च मारला. ओठ आणि हिरडी जोडणारी मधली शीर असते, तीही मला नाही, हे मला तेव्हा कळलं. हा दात आणखी कोणाला आहे, त्यांनी विचारलं. आईला, मी म्हणालो. आणि पुढे, लाज वाटते सांगायला, पण मी कौतुकाने म्हणालो की आमच्याकडे याला देवाचा दात म्हणतात.

बाई परत खुर्चीत बसल्या. त्यांनी कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर एक लांबट पट्टी काढली. पाळी चुकून जेमतेम आठवडा होतो तेव्हा मेंदू म्हणजे एवढंच असतं, त्या म्हणाल्या. उजवा नाही, डावा नाही, एक सपाट पट्टी. डोळे जिथून होणार तो भागही सुरुवातीला एकच असतो. त्या पट्टीच्या खाली, बरोबर मधोमध, थोड्या पेशी असतात आणि त्या एक प्रोटीन सोडतात. ते प्रोटीन म्हणजे निरोप. जवळच्या पेशींना जास्त मिळतो, लांबच्यांना कमी, आणि ज्याला जेवढा मिळाला त्यावरून ती पेशी आपण काय व्हायचं ते ठरवते. त्या निरोपाने मध्य ठरतो आणि मग मेंदूचे दोन भाग होतात, डोळे दोन होतात, नाक आणि ओठ मधोमध जुळतात. निरोप कमी पडला तर पट्टी दुभागतच नाही. आमच्या कामात कुठलाही सेट उभा करताना आधी जमिनीवर दोरी धरून मधली रेघ मारतात. ती रेघच उमटली नाही तर पुढे कितीही चांगला सुतार असून उपयोग नसतो. मला एवढं पटकन समजलं म्हणून बाईंना बरं वाटलं. मला मात्र घाम फुटला होता.

कारण पुढचं त्यांनी सांगायच्या आधीच मला दिसलं होतं. हे प्रोटीन बनवायची जी आज्ञा शरीरात लिहिलेली असते, तिच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. माझ्या दोनपैकी एक प्रत बहुतेक बिघडलेली होती. माझ्या वेळी निरोप जरासाच कमी पडला आणि बाकी सगळं होऊन फक्त दात एक राहिला. तीच बिघडलेली प्रत बाळाकडे गेली आणि तिथे निरोप पुरलाच नाही. असं का, एकाला नुसता दात आणि एकाला सगळंच का, हे कोणालाच आधी सांगता येत नाही, बाई म्हणाल्या. बिघडलेली प्रत बाळाकडे जायची शक्यता दर वेळी निम्मी. रक्त तपासून खात्री करू, पण दात बघून मला फारशी शंका नाही.

मी त्या प्रोटीनचं नाव विचारलं. त्या अवघडल्या. शास्त्रज्ञांनी फार पूर्वी गमतीत त्याला एका काटेरी प्राण्यावरून नाव दिलंय, आईबापांसमोर ते घ्यायला मला नको वाटतं, म्हणाल्या. मला एकदम चीड आली. कोणाची तरी गंमत, आणि आमच्या घरात तीन वर्षं सुतक.

बाहेर बाकावर बसून मी फोनमधले जुने फोटो काढले आणि दिवस मोजले. ग्रहण चौथ्या महिन्यात. मेंदू दुभागायचा आठवडा त्याच्या अडीच-तीन महिने आधीचा. त्या आठवड्यात आम्ही दोघं बोरिवलीला माझ्या आतेभावाच्या हळदीत नाचत होतो. फोटोत बायकोच्या गालाला हळद आहे आणि मी तोंड भरून हसतोय, दात दाखवून. त्या दिवशी पोटात सगळं ठरून गेलं होतं आणि आम्हाला दिवस गेल्याचंही माहीत नव्हतं. विळी तेव्हा भिंतीला टेकून कुठेतरी उभी असेल.

बायकोने तो फोटो बघितला. मग माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझ्या तोंडाकडे. ती रडेल असं मला वाटत होतं.

"तुझ्या तोंडात होतं ते," ती म्हणाली. "तीन वर्षं तुम्ही सगळे माझ्या हातांकडे बघत होता."

मग तिने अट घातली. आईंना तू सांगायचंस. दाताचं पण आणि बांगड्यांचं पण. तोवर मी दांड्याला राहते. हॉस्पिटलाच्या दारातूनच ती रिक्षा करून माहेरी गेली. मी कांदिवलीला आलो आणि आईला म्हणालो, तिला उलट्यांचा त्रास आहे म्हणून थोडे दिवस तिकडे राहील.

माझ्या रक्तात तो बिघाड निघाला. मग तिसऱ्या महिन्याच्या शेवटी बायकोच्या वारेचा बारीक तुकडा काढून तपासला. त्याचा निकाल चांगला आला. पोटातल्या बाळाने माझी चांगली प्रत घेतली होती. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण ते बाळ म्हणजे आमची मुलगी, आणि ती आत्ता शेजारच्या खोलीत गोंधळ घालते आहे. पण तेव्हा मी निकाल घेऊन धावत दांड्याला गेलो, तर बायको बोंबील वाळत घालत होती. तिने सगळं ऐकलं, पोटावर हात ठेवला, डोळे पुसले. आता घरी चल, मी म्हटलं.

"बाळाचं बरं आहे ते ऐकलं," ती म्हणाली. "माझं काय? आईंना सांगितलंस?"

नव्हतं सांगितलं. पाच आठवडे झाले होते. रोज घरी जायचो, आई ताट वाढायची, सुनेची चौकशी करायची, आणि मी जेवून उठायचो. आईला दुखावायला नको, असं मी म्हणायचो. ते खोटं होतं. ती दोन वाक्यं बोललो की मी देवाचा लाडका राहणार नव्हतो, आणि गप्प बसलेला नवरा होतो हे उघडं पडणार होतं.

त्याच दुपारी घरी गेलो. आई खिडकीशी बसून तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि आधी बांगड्यांचं सांगून टाकलं, कारण ते सोपं होतं. तिने वर बघितलं नाही. मग डॉक्टरीणबाईंनी काढलेली पट्टी कागदावर काढली आणि दाताचं सांगितलं. तुझ्याकडून माझ्याकडे आला, माझ्याकडून बाळाकडे गेला.

"देवाचो दात तो," आई म्हणाली. "तेका आजार म्हणतंस?"

ती चिडली. कोण ती बाई, तिका काय कळता, गावात दहा पिढ्या चालत आलेला खोटं का, असं बरंच बोलली. मी रिपोर्ट काढून तिच्या मांडीवर ठेवला. तिला इंग्रजी वाचता येत नाही, तरी तिने तो उलटसुलट करून बघितला. मग बराच वेळ ती सुपातल्या तांदळात नुसती बोटं फिरवत बसली.

"कितव्या म्हयन्यात होता ता?" तिने विचारलं.

पाळी चुकते ना, त्याच सुमारास, मी म्हटलं. चौथ्या-पाचव्या महिन्यात काहीही केलं तरी फरक पडत नाही. तोवर सगळं ठरलेलं असतं.

आई बोटांच्या पेरांवर मोजायला लागली. मला वाटलं सुनेचे महिने मोजते आहे. ती परत पहिल्यापासून मोजायला लागली, आणि तिचा चेहरा असा झाला की मी घाबरलो.

"मगे मी लाकडा फोडलंय म्हणान नाय झाला ता?"

मला काही कळेना. कुठली लाकडं? तिने सांगितलं ते मी चाळीस वर्षांत कधी ऐकलं नव्हतं, कोणाकडूनही नाही. मी तिचा पहिला नव्हतो. बाबा मुंबईत आणि ती सासरी गावी असताना माझ्याआधी एक मूल झालं होतं, आठ वर्षं आधी. सुईणीने ते लगेच फडक्यात गुंडाळलं, पण आईने बघितलं होतं. डोळे अगदी जवळ जवळ होते, आणि नाक नव्हतं. ते तासभर होतं. पाचव्या महिन्यात ग्रहण होतं आणि चूल पेटेना म्हणून आईने मागीलदारी चार लाकडं फोडली होती. माझ्या आजीने, म्हणजे तिच्या सासूने, ते बघितलं होतं. आजीने मरेपर्यंत वाडीतल्या एकाही बाईची ओटी आईला भरू दिली नाही. आईच्या तोंडात देवाचा दात होता, तोच आजीने तिच्यावर फिरवला. देवान दिला आणि तू घालवलंस, म्हणायची.

हे सगळं सोसलेली बाई माझ्या बायकोला तेच वाक्य बोलली होती. मी तिला तसं म्हटलंही, जरा जोरातच. ती म्हणाली, माझा खरा होता तर तिचा पण खरा असणार, असा माका वाटला. मग तिने सूप बाजूला सारलं.

"तिका मी सांगतंय," ती म्हणाली. "पण तुझी आजी मेली. माका कोण सांगतलो?"

तिने लुगडं बदललं आणि चल म्हणाली. आम्ही रिक्षाने खारदांड्याला गेलो. बायको ओट्यावर बसली होती, तिची आई मार्केटातून यायची होती. माझी आई तिच्यासमोर उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही. तिने लाकडांपासून सगळं सांगितलं, तसंच, न थांबता, आणि शेवटी म्हणाली, तुझा काय नाय होता गो. माझा होता ता.

बायकोचा चेहरा लाल झाला होता. "तुम्हाला ठाऊक होतं कसं वाटतं ते," ती म्हणाली, "तरी मला तेच केलंत?" आईने मान हलवली, हो म्हणून. मी मध्ये काहीतरी बोलायला गेलो, तर बायकोने हात वर करून मला गप्प केलं. आई तशीच उभी होती, पदराचं टोक मुठीत धरून.

मग बायको उठली, तिचा हात धरून तिला ओट्यावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसली.

"आई, तुमचंही काही नव्हतं," ती म्हणाली. "लाकडांनी काही झालं नाही."

"परत सांग गो," आई म्हणाली.

बायकोने परत सांगितलं.